द्राक्षवेलीची उसनी मुळे

दिवाळीच्या चिवड्यात बेदाणा घालावा की घालू नये, यावर महाराष्ट्रातल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या मतभेद चालत आले आहेत. एक पक्ष म्हणतो, तिखटमिठात गोडाचे काय काम? दुसऱ्या पक्षाला बेदाणा दाताखाली आल्याशिवाय चिवडा खाल्ल्यासारखे वाटतच नाही. हा वाद मिटवण्याचा माझा विचार नाही आणि तो मिटूही नये. सणासुदीला घरात एखादा वाद हवाच. पण तो बेदाणा तासगावच्या बाजारातून आला असेल, तर तो ज्या वेलीवर पिकला तिची हकिकत ऐकण्याजोगी आहे. त्या वेलीचा वरचा अर्धा भाग इराण-तुर्कस्तानाकडचा, कॅलिफोर्नियामार्गे आलेला; आणि जमिनीखालचा भाग अमेरिकेतल्या टेक्सास नावाच्या प्रांतातला. दोन्ही अर्धे एकमेकांना जोडले जातात ते हातभर उंचीवर, पाचर मारून. ही पाचर माणसाला सुचली त्यापूर्वी एका अख्ख्या देशाची द्राक्षशेती मातीस मिळाली होती.

आधी वेलीचा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट समजेल. द्राक्षवेल ही काकडी-दोडक्यासारखी एका मोसमाची पाहुणी नव्हे. ती बहुवर्षायू आहे, आणि तिचे आयुष्य पाहून माणसाने लाजावे. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ च्या सुमारास लावलेली एक वेल अजून घड देते. स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी एका घराच्या भिंतीवर चढवलेली वेल चारशे वर्षांहून जुनी मानली जाते. पण या वेलीला मोकळे सोडले तर ती फळ विसरून नुसती पळत सुटते. रानात झाडांच्या शेंड्यांवर चढून उजेड गाठायचा, एवढेच तिला ठाऊक. घड हवे असतील तर माणसाने दरसाल कात्री घेऊन तिच्यामागे लागले पाहिजे. शिवाय तिचे बी पेरले तर आईसारखी लेक निपजत नाही; आंबट निघेल, खुजी निघेल, काय निघेल सांगवत नाही. म्हणून चांगल्या वेलीची काडी तोडून मातीत खोचायची, ती मुळे धरते, तीच वेल पुन्हा नव्याने उभी राहते. आज आपण एखाद्या जातीचे द्राक्ष खातो, तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीच्या एकाच वेलीचा तुकड्यातुकड्यांनी लांबवलेला देह आपल्यासमोर असतो.

थंड देशांत ही वेल हिवाळ्यात पाने टाकते, झोपते आणि वसंतात जागी होते. तिथे तिला वर्षातून एकदा छाटले की भागते. आपल्या दख्खनात तशी थंडी नाही, त्यामुळे वेलीला झोपच येत नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इ. स. १३४२ च्या सुमारास दौलताबादेवरून गेला. तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्याला त्याचे नवल वाटले. आपल्या नाशिककर बागाइतदाराला तीच गोष्ट डोकेदुखीची. कारण उन्हाळ्यात छाटलेल्या वेलीला आलेला बहार पावसाळ्यात पिके, म्हणजे पिकत नसे. त्याचे नावच आंबट बहार. कोल्ह्याची म्हण आपल्याकडे इतकी का रुजली असावी याचा मला येथे थोडासा उलगडा होतो! मग शेतकऱ्यांनी युक्ती केली. चैत्रवैशाखात खरड छाटणी करायची, ती फळासाठी नव्हे, तर काडीसाठी. उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ धरतो. पावसाळा तसाच काढायचा. आणि आश्विनात, म्हणजे ऑक्टोबरच्या आगेमागे, ती तयार काडी मोजक्या डोळ्यांवर कापायची; ही गोड्या बहराची छाटणी. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी मण्यांत साखर भरते. ज्या वेलीला आपल्या हवेत ऋतू कळत नाहीत, तिला ते कात्रीने शिकवायचे, असा हा प्रकार आहे.

द्राक्ष आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मृद्वीका म्हणून ते येते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून, त्याचे कापिशायन आणि हारहूरक असे दोन प्रकार दिले आहेत. कापिशी म्हणजे काबूलकडचा मुलूख. म्हणजे तेव्हाही चांगले द्राक्ष हे वायव्येकडचेच समजले जाई. आपल्याकडे नाशिक आणि दौलताबाद ही ठिकाणे मागाहून गाजली. तिथे पांगाऱ्याच्या खुंटावर वेल चढवून भोकरी, फकडी, हबशी, साहेबी अशा बियांच्या जाती होत असत. पण आपली गोष्ट इथे थोडी थांबवून फ्रान्सला नेली पाहिजे, कारण ज्या संकटातून ही उसनी मुळे जन्मली ते तिथले.

फ्रेंच माणसाला द्राक्षवेल म्हणजे नुसते पीक नव्हे. कोकणातल्या माणसाला माड, तसे ते. भाकरीबरोबर पाण्याऐवजी द्राक्षाची वारुणी घेणारा तो समाज. आपल्या चालीरीतींच्या मापाने त्याला मोजण्यात अर्थ नाही. लक्षावधी लहान शेतकऱ्यांचे पोट त्या वेलीवर होते. १८४५ साली इंग्लंडमधील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या वेलीवर पांढरी भुकटी दिसली. आपले बागाइतदार जिला भुरी म्हणतात तीच ही. काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली आणि १८५४ साली तेथील द्राक्षमद्याचे उत्पन्न सुमारे १ कोटी १० लाख हेक्टोलिटरपर्यंत घसरले. एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. पुढे गंधकाची धुरळणी केली की भुरी आटोक्यात येते हे कळले आणि लोक सावरले. पण भुरी अमेरिकेतून आली होती, आणि अमेरिकेतल्या रानवेलींना तिचे फारसे काही होत नव्हते. साहजिकच हौशी लोकांनी प्रयोगासाठी त्या वेली मागवण्यास सुरुवात केली. पूर्वी शिडाच्या जहाजाला महासागर ओलांडायला इतके दिवस लागत की मुळांवर काही कीड असलीच तर ती वाटेतच मरे. आता आगबोटी आल्या होत्या. प्रवास दिवसांवर आला आणि कीड जिवंत उतरली.

दक्षिण फ्रान्सात ऱ्होन नदीच्या काठी गार नावाचा जिल्हा आहे, त्यात रॉकमोर हे गाव. तिथल्या बोर्टी नावाच्या मद्यविक्रेत्याने १८६२ साली आपल्या परसात अमेरिकेहून आलेल्या वेली लावल्या. त्या चांगल्या वाढल्या. १८६३ पासून आसपासच्या मळ्यांत मात्र वेली सुकू लागल्या. भर उन्हाळ्यात पाने पिवळी पडत, मग कडेने लाल होत, गळत. दुसऱ्या वर्षी घड धरत पण पिकत नसत. तिसऱ्या वर्षी वेल ओढली की मुळासकट हातात येई, आणि ते मूळ म्हणजे काळा कुजका चोथा. मळ्याच्या मध्ये एक ठिपका पडे आणि तेलाचा डाग कापडावर पसरावा तसा तो पसरत जाई.

या मुलखाचे दुर्दैव असे की आघात एकच नव्हता. तिथल्या शेतकऱ्याचे संसार तीन खांबांवर उभे होते. घरात रेशमाचे किडे, रानात मंजिष्ठ, उतारावर द्राक्षवेल. रेशमाच्या किड्यांना रोग लागून ते पटापट मरत होते. त्याचा शोध लावायला १८६५ साली सरकारने लुई पाश्चर यांना याच जिल्ह्यातल्या आलेस गावी धाडले होते. मंजिष्ठेच्या मुळापासून लाल रंग निघे. पण १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो रंग डांबरापासून प्रयोगशाळेत तयार केला आणि थोड्याच वर्षांत मंजिष्ठेला कोणी विचारीना. राहिली होती वेल. किडे गेले, रंग गेला, तरी वेल आहे असे म्हणणाऱ्या माणसाच्या उतारावर तो पिवळा ठिपका पडला तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे कोणत्या दप्तरात सापडणार? कादंबरीकाराला इथे मोह होतो. पण मी आज इतिहास सांगायला बसलो आहे, तेव्हा तो आवरतो.

१८६८ च्या जुलैत एरो जिल्ह्याच्या कृषिसभेने तीन माणसांची समिती पाठवली. माँपेलिए विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक ज्यूल एमिल प्लाँशाँ, बागाइतदार गास्ताँ बाझीय आणि रोपवाटिकेचे मालक फेलिक्स साऊ. मेलेल्या वेली उपटून पाहण्याचे काम आधीही पुष्कळांनी केले होते आणि काही सापडले नव्हते. १५ जुलैला साँ-रेमी येथे मात्र एका मेलेल्या वेलीच्या शेजारची, अजून हिरवी असलेली वेल उपटली गेली. भिंगातून पाहिले तर मुळांवर पिवळ्या कणांचे थरच्या थर. कण हलत होते. मग गूढ उकलले. ही मावावर्गातील कीड, एक मिलिमीटरही लांब नाही. ती मुळात सोंड खुपसून रस पिते, मूळ सुजते, जखम कुजते. आणि वेल मेली की कीड शेजारच्या वेलीवर निघून जाते. मेलेल्या वेलीपाशी गुन्हेगार सापडेल कसा? तो तर केव्हाच पुढच्या घरी गेलेला! प्लाँशाँ यांनी तिच्या नावात ‘व्हास्टाट्रिक्स’ हा लॅटिन शब्द घातला. त्याचा अर्थ विध्वंस करणारी. फायलॉक्सेरा व्हास्टाट्रिक्स या नावाने ती जगभर कुप्रसिद्ध झाली.

आता कोणाला वाटेल की शोध लागला, काम झाले. तसे झाले नाही. पॅरिसच्या बड्या विद्वानांनी सांगितले की कीड हे कारण नसून परिणाम आहे. वेली आधीच अशक्त झाल्या आहेत, जमीन थकली आहे, छाटणी चुकते आहे, म्हणून कीड लागते. एका प्रांतातल्या प्राध्यापकाने भिंगातून पाहिलेली गोष्ट राजधानीतल्या दिवाणखान्यात खरी ठरायला बरीच वर्षे गेली, आणि तेवढ्या वर्षांत ठिपके जिल्ह्यांएवढे झाले. मधेच १८७० चे जर्मनीशी युद्ध होऊन गेले. शाळेच्या पुस्तकात त्या युद्धाला पाने आहेत; बिस्मार्कने पाच अब्ज फ्रँक खंडणी घेतली हे माझे विद्यार्थी घोकून सांगतात. या मिलिमीटरभर किडीने केलेले नुकसान त्या खंडणीहून अधिक भरले, हे मात्र कोणी विचारीत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

सरकारने १८७० साली उपाय सुचवणाऱ्यास २०,००० फ्रँकांचे बक्षीस लावले आणि १८७४ साली ते ३,००,००० केले. मग काय, उपायांचा पाऊस पडला. वेलीच्या बुडाशी जिवंत बेडूक पुरावा, समुद्राचे पाणी घालावे, जमिनीवर मोगऱ्या आपटून कीड हुसकावावी. बोजोले भागात शाळेतल्या मुलांना दिवसातून दोनदा बाहेर काढून वेलींच्या बुडाशी विशिष्ट कामासाठी उभे करीत असे सांगतात. माझ्या धंद्यातल्या लोकांना काय काय करावे लागते पाहा! खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले ते तीन मार्ग. लुई फोकाँ या बागाइतदाराने हिवाळ्यात सुमारे चाळीस दिवस मळा पाण्याखाली बुडवून ठेवला, तेव्हा कीड गुदमरून मेली. पण उतारावरच्या मळ्यात पाणी थांबवायचे कसे? दुसरे, वाळूत कीड चालू शकत नाही असे दिसले, तेव्हा समुद्रकाठच्या एग-मोर्तच्या ओसाड वाळूला एकाएकी भाव आला. तिसरा उपाय कार्बन बायसल्फाइड हा द्रव जमिनीत टोचण्याचा. त्याला कुजकी घाण, तो भडकन पेटणारा, दरसाल टोचायचा आणि महाग. श्रीमंताला परवडे. बर्गंडीतल्या रोमाने-काँती या सुप्रसिद्ध मळ्याने याच औषधाच्या जोरावर आपल्या जुन्या वेली दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकवल्या आणि १९४५ च्या हंगामानंतर उपटल्या. गरिबाने मात्र वेली उपटून सरपण केले. कित्येक कुटुंबे बोटीने अल्जीरियाला गेली.

१८७५ साली फ्रान्सचे उत्पन्न सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर होते. १८८९ साली ते २ कोटी ३० लाखांच्या आसपास आले. कीड तोवर पोर्तुगाल, स्पेन, इटली, ऑस्ट्रिया अशी पसरली होती. १८७३ साली ती कॅलिफोर्नियात सापडली, १८७७ साली ऑस्ट्रेलियात, १८८६ साली दक्षिण आफ्रिकेत.

उत्तर आले ते जिथून संकट आले तिथूनच. मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी १८७० साली दाखवून दिले की अमेरिकन वेलींच्या पानांवर गाठी करणारा किडा आणि फ्रान्सच्या मुळांवरचा किडा एकच. मग प्रश्न असा की अमेरिकेतल्या वेली मरत का नाहीत? हजारो वर्षे ती कीड आणि त्या वेली एकमेकांच्या सहवासात राहिल्या होत्या. कीड टोचली की त्यांचे मूळ जखमेभोवती बुचासारखा थर धरते आणि जखम आत जाऊ देत नाही. युरोपच्या वेलीने हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. १८६९ साली बोन येथील सभेत बोर्डोचे लालिमाँ यांनी अमेरिकन वेली तग धरतात हे सांगितले. आणि बाझीय यांना सुचले की मूळ अमेरिकन ठेवावे आणि त्यावर फ्रेंच काडी बांधावी. अमेरिकन रानद्राक्षाला एक उग्र दर्प असतो, तो फ्रेंच जिभेला सोसेना. पण कलमात फळ वरच्या काडीचेच येते. १८७३ साली प्लाँशाँ स्वतः अमेरिकेला गेले, रायलींबरोबर हिंडले आणि कोणती वेल उपयोगी ते पाहून आले.

पहिल्या खेपेला गेलेल्या कॉन्कर्डसारख्या वेलींनी निराशा केली. मग रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या नदीकाठच्या व खडकाळ भागातल्या रानजाती निवडल्या गेल्या. मिसुरीतून काड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे जाऊ लागले. त्यात निओशो गावच्या हेर्मान येगर या स्वित्झर्लंडहून आलेल्या बागाइतदाराचा मोठा वाटा होता. ज्याच्या वेलींनी परदेशच्या बागा उभ्या राहिल्या तो हा माणूस १८९५ साली घरातून निघून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

फ्रान्समध्ये मात्र दोन तट पडले. औषधवाले आणि अमेरिकावाले. आमच्या वाडवडिलांच्या वेलीला रानटी परदेशी पाय लावायचे? मग ती आमची वेल राहील काय? हा प्रश्न त्या लोकांनी मनापासून विचारला होता, त्याला हसू नये. बर्गंडीत १८८७ पर्यंत अमेरिकन कलमांना सरकारी बंदीच होती. शेवटी पोटाने निकाल दिला. ज्याने कलम बांधले त्याच्या घरी घड आले, आणि शेजाऱ्याने कुंपणावरून ते पाहिले. याहून मोठे प्रचारसाहित्य शेतीत नाही. बक्षिसाचे तीन लाख फ्रँक मात्र सरकारने कोणालाच दिले नाहीत. लालिमाँ यांनी मागणी केली. त्यांच्यावर उलट असा आरोप होता की अमेरिकन वेली आणून कीड आणणाऱ्यांपैकी आपणच एक. शिवाय सरकारचे म्हणणे, किडीला मारण्याचे बक्षीस होते, तिच्याबरोबर नांदण्याचे नव्हे. सरकारी उत्तर कसे असावे याचा तो नमुनाच समजावा.

एवढ्यानेही संपले नाही. कोन्याक परगण्याची जमीन चुनखडीची. तिथे रिपारिया-रुपेस्ट्रिसची कलमे पिवळी पडून मरू लागली. १८८७ साली पिएर व्हियाला या तरुण प्राध्यापकाला सरकारने अमेरिकेला पाठवले, की चुनखडीत जगणारी वेल शोधून आण. तो शोधत शोधत टेक्सासातल्या डेनिसन गावी टॉमस व्होल्नी मन्सन यांच्या दारी पोहोचला. मन्सन हे रोपवाटिकेचे मालक. पण सारे आयुष्य त्यांनी रानवेली जमवण्यात घालवले होते. घोड्यावरून, आगगाडीने, ओढ्याओढ्यांनी हिंडून कोणती वेल कोणत्या मातीत उगवते याची त्यांनी टिपणे केली होती. त्यांनी टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवरची बर्लांडिएरी ही वेल दाखवली. तिच्या काडीला मुळे फुटत नाहीत, म्हणून पुढे संकर करावे लागले. त्या संकरांतून निघालेले खुंट आजही जगभर वापरात आहेत. १८८८ साली फ्रान्सने मन्सन यांचा कृषिक्षेत्रातील मानाचे पदक देऊन सत्कार केला. माँपेलिएच्या कृषिविद्यालयात एक शिल्प आहे. एक तरुण स्त्री थकलेल्या वृद्धेला सावरून धरते आहे. तरुणी अमेरिकन वेल, वृद्धा फ्रेंच.

या उपकाराबरोबर एक अपकारही आला, आणि आपल्या शेतकऱ्याला तो जवळचा आहे. मागवलेल्या अमेरिकन वेलींबरोबर १८७८ साली फ्रान्सात केवडा उतरला. पानावर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि पाऊस लांबला तर दोन-चार दिवसांत घडाची राख. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डोचे प्राध्यापक मिलार्दे सँ-ज्युलियाँ गावातून चालले असता त्यांना दिसले की सगळीकडे पाने झडली आहेत, पण रस्त्याच्या कडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी करता कळले की वाटसरू द्राक्षे तोडतात, म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला होता. विष दिसले म्हणजे चोर हात लावणार नाही. चोर गेला तो गेला, केवडाही गेला! मिलार्दे यांनी तीन वर्षे प्रयोग करून १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले. आपल्या निफाड-दिंडोरीच्या शेतात फ्रान्स कुठे आहे हे ठाऊक नसलेला गडीही ‘बोर्डो’ म्हणतो, तो या गावाचे नाव घेत असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे, आणि लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी.

आता महाराष्ट्राकडे परतू. आपल्याकडची जुनी बियांची द्राक्षे मागे पडली ती १९६० नंतर थॉम्सन सीडलेस आली तेव्हा. हे मूळचे पश्चिम आशियातले किसमिसाचे द्राक्ष. विल्यम थॉम्सन नावाच्या कॅलिफोर्नियातील शेतकऱ्याने १८७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोपवाटिकेतून त्याच्या काड्या मागवल्या, आणि त्याचे नाव वेलीला कायमचे चिकटले. महाराष्ट्रात आल्यावर या वेलीने इथलेही रूप घेतले. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत वेगळी फूट दिसली, तिचे ‘तास-ए-गणेश’ झाले. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांची ‘सोनाका’ निवडली. ही माणसे प्रयोगशाळेतली नव्हती. ओळीओळीने हिंडताना एका काडीवर नजर थबकली, एवढेच त्यांचे साधन.

पण वेल स्वतःच्या मुळांवर उभी होती. विहिरी आटत चालल्या, बोअरचे पाणी मचूळ होत गेले, जमिनीत खार साचला. पानांच्या कडा करपू लागल्या, उत्पन्न घटले. तेव्हा १९९० नंतरच्या दशकात आपल्या बागाइतदारांनीही उसनी मुळे घेतली, फायलॉक्सेरासाठी नव्हे, खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी. त्यांनी निवडलेला खुंट डॉगरिज. टेक्सासातल्या बेल परगण्यात डॉग रिज नावाची टेकडी आहे. तिथल्या रानातून ही वेल १९०० च्या सुमारास निवडून काढणारे गृहस्थ म्हणजे तेच मन्सन, ज्यांच्या दारी व्हियाला गेला होता. मन्सन १९१३ साली वारले. आपण निवडलेली रानवेल कधीकाळी कवठेमहांकाळच्या माळावर ठिबकच्या नळीखाली उभी राहील, हे त्यांना कुठून माहीत असणार? डॉगरिजखेरीज ‘११० आर’ हा बर्लांडिएरी-रुपेस्ट्रिसचा संकरही आता आपल्याकडे लावतात. त्याच्यात तर त्या चुनखडीच्या टेकडीचे रक्तच आहे.

काम कसे करतात ते सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडी खुंटरोपे शेतात लावतात. पावसाळाभर ती वाढवून, पाऊस ओसरता ओसरता पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी झाली की ती आडवी कापायची, मधोमध चीर द्यायची. हव्या त्या जातीची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे, मधे हवा राहता कामा नये. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सराइताचा हात इतका चालतो की पाहणाऱ्याला सुरी दिसत नाही. फुटलेली काडी बांबूला बांधत मांडवावर न्यायची, तिथे तिचे ओलांडे धरायचे. म्हणजे दीड-दोन वर्षांनी घड.

दगे अजूनही पुष्कळ आहेत. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाच्या पावसाने छाटलेल्या बागांवर केवडा चढला आणि हंगाम धुऊन नेला. पुढल्याच वर्षी, २०१० साली, वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या एका औषधाचा अंश युरोपच्या तपासणीत सापडला आणि बंदरात माल अडकून निर्यातदारांचे व शेतकऱ्यांचे हाल झाले. दिवाळीच्या दिवसांत नाशिक-सांगलीकडे गेलात तर पाहाल: गोडी छाटणी उरकलेली, डोळे फुगून पोंगे बाहेर पडलेले, आणि लक्ष्मीपूजन आटोपून माणसे रात्रीच्या गारव्यात फवाऱ्याचा ट्रॅक्टर बागेत घालताहेत. ढग आले तर सणाला सण म्हणता येत नाही.

आणि सकाळी बागेत बायका एक काम करताना दिसतील. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला फूट येते. मूळ आपले रानपण विसरलेले नसते. संधी मिळाली की ते स्वतःचे पान वर काढते. हे पान वरच्या पानाहून निराळे, लहान, चकचकीत. ते राहू दिले तर वरच्या वेलीचे अन्न खाते. बाई वाकते, सांध्याखाली अंगठा लावून ती फूट मोडते, ओच्यात टाकते आणि पुढच्या वेलीकडे जाते.